चौदाचे सोळा कुणाला विचारून केलेत?

अहो, तुम्हाला जाऊन उद्या महिना होईल. या महिन्यात घरी आलेल्या प्रत्येकाने मला तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. माणूस शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कधी आवाज चढवला नाही, जातानासुद्धा कुणाला त्रास दिला नाही. मी मान डोलावली, चहा पुढे केला. चार दिवसांपूर्वीपर्यंत मला ते सगळं पटतही होतं. मग शब्बीरभाई येऊन गेले, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की कालपर्यंत रडायचं राहूनच गेलं. तुमच्या फोटोपुढे दिवा लावते आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात जाते. हे लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठीच, की भांडण अर्धवट सोडायची मला सवय नाही. तुम्हाला ती आयुष्यभर होती.

शब्बीरभाई दुपारी आले. नाना पेठेतलं गॅरेज मुलावर सोपवून, धुतलेला सदरा घालून आले होते. पस्तीस वर्षं तुमच्या त्या शंभर सीसीच्या मोटरसायकलला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. डॉक्टरकडे जायला तुम्ही कां-कू करायचात, पण शब्बीरभाईंकडे दर महिन्याला न चुकता. खुर्चीच्या टोकावर बसून ते म्हणाले, "वहिनी, साहेबांचा जुना माल माझ्याकडे राहिला होता. द्यायला आलो." आणि वर्तमानपत्रात बांधलेलं जड पुडकं त्यांनी टीपॉयवर ठेवलं. जुना निघालेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा, मग तो त्याने भंगारात टाको नाहीतर देवघरात ठेवो, ही त्यांची रीत तुम्हीच मला कौतुकाने सांगितली होती. पुडक्यात गुंडाळी केलेली चेन होती, ताटाएवढं दात्यांचं एक चक्र होतं आणि मुठीत मावेल एवढं दुसरं.

एकतीस वर्षं सातवीला गणित शिकवलेल्या बाईपुढे दाते ठेवले की ती मोजणारच. मी लहान चक्र हातात घेतलं आणि मोजले.

"चौदा," मी म्हटलं.

"हां वहिनी, चौदाचंच. झिजलं होतं. आता गाडीला सोळाचं आहे."

"सोळा का?"

शब्बीरभाई कपात बघायला लागले. वर्गात बाकाकडे बघणाऱ्या पोराला उत्तर येत असतं, फक्त द्यायचं नसतं. मी गप्प बसून राहिले. तुमच्याबरोबर संसार केल्यावर गप्प बसण्यात मीही थोडीफार तयार झाले आहे.

मग त्यांनी मला सगळं नीट समजावलं, आणि माझ्या सातवीतल्या कुठल्याही पोराला समजावं इतकं सोपं होतं ते. लहान चक्र पुढे इंजिनपाशी, मोठं मागच्या चाकाला, मधे चेन. मोठ्याला दाते बेचाळीस. पुढे चौदा असले तर पुढचं तीनदा फिरतं तेव्हा मागचं एकदा फिरतं. कंपनी पुढे पंधरा देते. पुढचे दाते कमी केले की गाडीची ओढ वाढते, वेग कमी होतो. वाढवले की उलटं. "पुढचा एक दाता म्हणजे मागचे तीन, वहिनी. गिऱ्हाइकाला वाटतं, एकाने काय होतंय. पण गाडीला कळतं." मागे रोज माणूस बसत असेल तर पुढचे दाते कमी करायचे. एकटा चालवणारा असेल तर वाढवले तरी चालतात, इंजिन ओरडत नाही, गाडी शांत पळते. चेन-स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन आणि दोन्ही चक्रांचा, सेट बदलायला आला की हे ठरवायची वेळ असते, कारण मग एकदा बसवलं की तीन-चार वर्षं बघायचं नाही.

"म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारतो, मागे कोण बसतं? आणि नुसतं ऐकून नाही घेत. म्हणतो, घेऊन या, बसवा, मला बघू दे मागचं स्प्रिंग किती दबतं. लोक हसतात. लोक माझ्यापाशी वजन कमी सांगतात, वहिनी. स्प्रिंग खोटं बोलत नाही."

आणि तेव्हा मला आठवलं. मंदारच्या वेळी सातवा लागला होता. तुम्ही मला शाळेतून घेतलंत आणि घरी यायच्याऐवजी नाना पेठेत नेलंत. कारण काय सांगितलंत? "जरा हवा बघायचीय." एक किडकिडीत तरुण माणूस हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, उतरू नका, तशाच बसा." तो खाली वाकून कुठेतरी बघत होता आणि तुम्ही त्याच्याकडे. मला इतका संताप आला होता! भर रस्त्यात, पोट घेऊन, एका बाजूला पाय सोडून मी गाडीवर बसलेली, आणि हे दोघं वाकून बघतायत. घरी येईपर्यंत मी तुम्हाला बोलले. हवा बघायला काय एवढा वेळ लागतो, माणसाला काही लाजलज्जा. तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून गाडी चालवत होतात.

"साहेब आठवड्यात परत आले होते," शब्बीरभाई म्हणाले. "म्हणाले, सिग्नलला गाडी उठताना गचका बसतो, ती एका बाजूला बसते, तिला धक्का लागता कामा नये. बाकी मला काही नको. मी म्हटलं, साहेब, वेग जाईल. मोठ्या रस्त्यावर पंचावन्नच्या पुढे इंजिन बोंबलेल. म्हणाले, बोंबलू दे."

तेव्हापासून चौदा. दर वेळी नवा सेट, दर वेळी चौदा. पस्तीस वर्षं.

अहो, ते तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतंत.

मी पेपर तपासायचे त्या गाडीवर. आठवतंय? सकाळच्या शाळेला तुम्ही मला सोडायचात, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, आणि अलका चौकात सिग्नलला थांबलो की मी लाल पेन काढायचे. सिग्नल सुटायचा, गाडी उठायची, आणि माझी बरोबरची खूण वाकडी व्हायची नाही. टीचर्स रूममध्ये मी मिरवायचे, आमचे हे गाडी अशी चालवतात की पोटातलं पाणी हलत नाही. तुमचा हात चांगला आहे असं मला वाटायचं. त्या चौदा दात्यांबद्दल तुम्ही कधी ब्र काढला नाहीत, आणि मी रोज एकास तीनच्या गुणोत्तरावर बसून शाळेत जायचे, आणि शाळेत जाऊन पोरांना गुणोत्तर शिकवायचे. बोर्डावर शेकडो वेळा दात्यांची चाकं काढली असतील मी. या चाकाचे फेरे किती, त्या चाकाचे किती. एकाही पोराने विचारलं नाही की बाई, तुमच्या गाडीचं काय.

आणि मोठ्या रस्त्यावरचं काय? ते मात्र मी कधी मिरवलं नाही. माझ्या भावाच्या लग्नाला सातारला निघालो तेव्हा आपल्याला काय काय मागे टाकून गेलं ते मी मोठ्याने मोजत होते. दुधाच्या किटल्यांची गाडी गेली. एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून गेले, त्यांनी हात केला. मी म्हटलं, "आता एखादी बैलगाडी हॉर्न देईल, तिलाही जाऊ द्या." पुढे तो माझा ठेवणीतला विनोद झाला. तुमच्या ऑफिसच्या माणसांसमोर, मंदारच्या सासूसासऱ्यांसमोर, दर दिवाळीला मी तो सांगितला. आमचे हे आणि आमचं वाहन, दोघंही गरीब गाय. सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात! म्हणायचात, "पोचतो ना पण." मंदार कॉलेजात असताना एकदा तुमच्या तोंडावर म्हणाला, "बाबा, तुम्हाला स्पीडची भीती वाटते ना?" मी त्याची बाजू घेतली. तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटलंत.

एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुम्हाला. "तुझ्यासाठी कमी केलंय." तीन शब्द. मी शरमेने मेले असते, आयुष्यात परत तो विनोद केला नसता. पण नाही. तुम्ही मला पस्तीस वर्षं चुकीचं बोलू दिलंत, चारचौघांत बोलू दिलंत, आणि वर हसलात. लोक याला मोठेपणा म्हणतात. मला विचाराल तर हा दुष्टपणा आहे. माणसाला स्वतःची चूक सुधारायची संधीच द्यायची नाही, आणि मग एक दिवस रिक्षात बसून "काही नाही गं, ॲसिडिटी आहे" म्हणत निघून जायचं. वरातीमागून घोडं आलं, तेही वर्तमानपत्रात बांधून.

हे झालं चौदाचं. चौदासाठी मी कदाचित तुम्हाला माफ केलं असतं. आभारही मानले असते, जरा ओरडून.

पण सोळा?

शब्बीरभाईंनी ते लवकर सांगितलं नाही. त्यांचा दुसरा चहा झाला. मग म्हणाले, "चूक माझीही आहे, वहिनी. माणूस बघितल्याशिवाय मी दाते बदलत नाही, तरी बदलले. साहेबांचा शब्द, म्हणून."

जाण्याच्या दीड महिना आधी तुम्ही त्यांच्याकडे गेलात. चेन सैल पडून वाजत होती. त्यांनी नेहमीप्रमाणे चौदाचा सेट काढून ठेवला, आणि तुम्ही म्हणालात, "या वेळी सोळा बघा. शांत चालली पाहिजे."

शब्बीरभाई म्हणाले, "मागे कोण बसतं?" गंमतीने विचारलं म्हणे त्यांनी.

तुम्ही म्हणालात, "कोणी नाही."

कोणी नाही! चाळीस वर्षं होत आली होती आपल्या लग्नाला. शब्बीरभाईंसारख्या परक्या माणसालाही ते ऐकून बरं वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि वहिनी?" तर म्हणालात, "ती बसणार नाही. मेले तरी बसणार नाही म्हणाली आहे." ते म्हणाले, "साहेब, एकदा विचारून तर बघा." त्यावर तुम्ही जे बोललात ते शब्बीरभाईंनी मला खाली मान घालून सांगितलं. "विचारलं तर माझ्यासाठी म्हणून बसेल. मग तिचा गुडघा दुखेल. राहू द्या, नकोच विचारायला."

अहो, मी काय बोलते ते तुम्ही कधी ऐकलंत? खरं सांगा. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, चाळीस वर्षं, पालथ्या घड्यावर पाणी. गोळ्या वेळेवर घ्या, पालथ्या घड्यावर पाणी. "या घरात मी एक दिवस राहणार नाही" असं मी किमान वर्षातून दोनदा म्हणायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "बरं, जाण्याआधी आमटीला फोडणी दे." तुमच्या आईशी भांडण झालं की "मेले तरी त्यांच्याशी बोलणार नाही," आणि संध्याकाळी आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलेल्या. मी अशीच बोलते. सदाशिव पेठेत वाढलेली बाई आहे, बोलणं आधी, विचार नंतर. हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नवव्या दिवशी, पाय वाकवताना डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, तुम्ही खिडकीतून खाली गाडी नीट उभी आहे का ते बघत होतात म्हणून मी चिडून म्हणाले, "त्या फटफटीवर आता मी मेले तरी बसणार नाही." तेवढं एक वाक्य तुम्ही ऐकलंत! सगळ्या आयुष्यात माझं एकच वाक्य ऐकायचं होतं, तर हे?

त्यानंतर तुम्ही दर रविवारी सकाळी एकटे खडकवासल्याला जायला लागलात. दाराशी बूट घालताना "आलोच" म्हणायचात. मी आतून "हं" म्हणायचे. तुम्ही दोन मिनिटं उगाच किल्ली शोधायचात, किल्ली तर खुंटीवर समोर असायची. मला वाटायचं आता म्हणतील, येतेस का. तुम्ही म्हणायचा नाहीत. मग खाली गाडी सुरू व्हायची.

आता मी माझं सांगते, कारण तुमचं सगळं बाहेर आलंय तर माझंही येऊ दे. तुमची गाडी गल्लीतून बाहेर पडली की मी दार लावून घ्यायचे आणि सोफ्यापाशी जायचे. फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला सहा महिन्यांनी सांगितलं होतं, आजी, गाडीवर बसा बिनधास्त, फक्त एका बाजूला नको, दोन्हीकडे पाय टाकून बसा. मग शोकेसला हात धरून सोफ्याच्या हातावरून मी पाय पलीकडे टाकायचे. पहिल्या रविवारी टाचसुद्धा वर गेली नाही. तिसऱ्या रविवारी फुलदाणी फुटली. तुम्हाला सांगितलं, मांजराने पाडली. दोन महिन्यांनी मी पाय टाकून बसायला लागले, दहादा चढ, दहादा उतर, सोफ्याच्या हातावर घोड्यावर बसल्यासारखी, सहासष्टाव्या वर्षी. साडीत ते जमेना म्हणून लक्ष्मी रोडवर जाऊन दोन पंजाबी ड्रेस आणले. आयुष्यात पहिल्यांदा. एक निळा, एक चिंतामणी रंगाचा. रविवारी सकाळी निळा घालून मी बाहेरच्या खोलीत उगाच धूळ पुसत होते. तुम्ही हेल्मेट उचलताना म्हणालात, "नवीन दिसतोय." मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "चांगला आहे," आणि किल्ली शोधायला लागलात.

आणि मी गप्प बसले. हो, मी! जिच्या तोंडाला या इमारतीतला वॉचमनसुद्धा घाबरतो, ती मी गप्प बसले. माझ्या मनात होतं की विचारायचं तर तुम्ही विचारायचं. मी नाही म्हणाले होते, आता मीच कशी "न्या हो मला" म्हणू? नाक कापलं गेलं असतं ना माझं. तुम्ही म्हणणार, ती म्हणाली तर नेऊ. मी म्हणणार, ते म्हणाले तर जाऊ. एका दारात, दोन फुटांवर उभं राहून. तो निळा ड्रेस घालून मी चौदा रविवार धूळ पुसली असेल. त्यातल्या कुठल्यातरी एका आठवड्यात तुम्ही नाना पेठेत जाऊन "कोणी नाही" म्हणून आलात. माझी चूक निम्मी आहे हे मला कळतं, तेवढं गणित मला येतं. पण उरलेली निम्मी तुमची आहे आणि तिचा जाब द्यायला तुम्ही जागेवर नाही, याचा मला राग येतो.

शब्बीरभाई गेल्यावर मी मंदारला फोन केला. तो हिंजवडीहून संध्याकाळी आला तो गाडीचाच विषय घेऊन. "आई, प्रॅक्टिकल हो जरा. पार्किंगमध्ये नुसती सडणार ती. माझा एक कलीग आहे, त्याला जुन्या बाइक्सचं वेड आहे, तो एकदम मेन्टेन करेल."

"विक," मी म्हटलं. "पण आधी रविवारी मला तिच्यावरून ने."

"तुला? आई, तुझा गुडघा..."

"माझा गुडघा माझ्याकडे आहे. सिंहगडाच्या घाटात न्यायचं."

"घाटात कशाला? खडकवासल्याला जाऊ ना, बाबा जायचे तसं."

"सपाटीवर काय, कुणीही चालवेल. मला चढ हवाय."

मला काय बघायचं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. सोळा दात्यांवर ती गाडी मला घेते का नाही, हे मला बघायचं होतं. शब्बीरभाई म्हणाले होते, डबलसीट चढावर दम लागेल, वहिनी. मला दम लागलेला बघायचा होता. तुम्ही मला मोजणीतून काढून टाकलंत, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

काल गेलो. मी निळा ड्रेस घातला. खाली पार्किंगमध्ये मंदारने गाडी धरली, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाय पलीकडे टाकला, एका दमात. तो मागे वळून बघत राहिला. "आई, हे कधी शिकलीस?" मी म्हटलं, "चल." धरणापर्यंत गाडी खरंच शांत पळाली, हो. इंजिनाचा आवाजसुद्धा येत नव्हता. तुम्ही या शांततेत दर रविवारी एकटे जात होतात, आणि मला ती मुळीच आवडली नाही. कानात काही बोंबललं नाही तर तुमच्या पाठीमागे बसल्यासारखं वाटत नाही. उजवीकडे पाणी चमकत होतं. पाठ मंदारची होती, रुंद, घामाने ओली, आणि तुमच्या पाठीपेक्षा वेगळ्या वासाची. माझं लक्ष त्यात जाऊ नये म्हणून मी रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होते.

घाट लागला. पहिल्या दोन वळणांवर गाडी कशीबशी चढली. मंदार दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर आला. तिसरं वळण उभं आहे. तिथे समोरून जीप आली, मंदारला थांबावं लागलं, आणि परत निघताना गाडी नुसती थरथरली. त्याने आवाज वाढवला, क्लचचा जळका वास आला, गाडी एक हात पुढे गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. शेवटी तो म्हणाला, "आई, सॉरी, नाही घेत आहे ती. तू जरा उतर. मी वर जाऊन थांबतो. नाहीतर इथेच बस, आपण परत जाऊ."

"तू हो पुढे," मी म्हटलं.

तो एकटा बसल्यावर गाडी सरसर वर गेली. बघितलं मी. अगदी शब्बीरभाईंनी सांगितलं तशी.

आणि मी चालायला लागले. तुम्हाला शिव्या देत चालायला लागले. मनात नाही, तोंडाने. कोणी नाही काय! शांत पाहिजे काय! बाजूने ट्रेकिंगची पोरं उतरत होती, त्यांनी आजी वेडी आहे असं समजून वाट दिली. कडेला मडक्यातलं दही विकणारी एक बाई बसली होती, ती हाक मारून म्हणाली, "अवो मावशी, लई चढ हाय म्होरं. बसा की घटकाभर." मी म्हटलं, "नको. मला एकाला गाठायचंय." ती म्हणाली, "कोन पुढं गेलंय?" मला अचानक रडू फुटलं, महिन्याभरात पहिल्यांदा, त्या दहीवालीच्या समोर. तिने उठून मला पाणी दिलं. मी तोंड धुतलं आणि पुढे निघाले. रडत आणि शिव्या देत, दोन्ही एकदम येत होतं. पुढच्या तीन वळणांचं अंतर चढायला मला किती वेळ लागला कोण जाणे. घड्याळ बघितलं नाही.

वर कठड्याजवळ मंदार गाडी लावून उभा होता. मला बघून तो धावत खाली आला. त्याने माझे लाल डोळे बघितले, माझा धापा टाकणारा श्वास बघितला, आणि माझ्या दंडाला धरून पहिलं काय विचारलं असेल?

"आई, गुडघा दुखतोय?"

अहो, विचारायला त्याला एक क्षण लागला. मी पाय वाकवून बघितला, सरळ करून बघितला.

नाही दुखत. घाट चढून आले, आणि नाही दुखत.